पेशीचा ताळेबंद: दोन, चार आणि पुन्हा दोन

एखाद्या थोर अभ्यासकाने तरुणपणी बरोबर उत्तर लिहावे, तीस वर्षे अधिक वाचन आणि निरीक्षण करून ते खोडावे, आणि खोडलेलेच बरोबर होते असे पुढच्या पिढीने दाखवून द्यावे, असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एडमंड बीचर विल्सन यांच्या वाट्याला असा एक प्रसंग आला. १८९६ साली त्यांनी पेशीवरील आपल्या गाजलेल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत सुचवले होते की, आनुवंशिकता ही केंद्रकातील एका रासायनिक द्रव्याच्या हस्तांतरणाने घडत असावी आणि ते द्रव्य 'न्यूक्लीन' असावे. १९२५ साली त्याच ग्रंथाची तिसरी, बाराशेहून अधिक पानांची आवृत्ती निघाली. तीत हे मत त्यांनी मागे घेतले.

कारण साधे होते आणि त्या काळी बिनतोड वाटत होते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे रंजकाने गडद रंगतात. विभाजन संपले की तो रंग फिका पडतो. वाढत्या अंडपेशीच्या मोठ्या केंद्रकात तर तो जवळजवळ दिसेनासा होतो. जे द्रव्य येते आणि जाते ते पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा कसे वाहील? वारसा वाहणारे द्रव्य कायम टिकणारे हवे, मग ते प्रथिनच असणार, असा तर्क होता.

म्हणजे सारा वाद एका मोजमापावर येऊन ठेपला होता. पेशी जगते, वाढते, दुभंगते, तेव्हा तिच्या केंद्रकातील या द्रव्याचे प्रमाण नेमके किती होते, किती राहते? आज अकरावीच्या पाठ्यपुस्तकात एका आलेखात आटोपलेली ही गोष्ट माणसाला कळायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. त्या ऐंशी वर्षांची ही हकिगत.

आरंभ पुवाने माखलेल्या पट्ट्यांपासून करावा लागतो. १८६९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिख मीशर हा पंचविशीतला स्विस तरुण फेलिक्स होप-झायलर यांच्या प्रयोगशाळेत दाखल होता. ही प्रयोगशाळा गावच्या जुन्या किल्ल्यातील मुदपाकखान्याच्या जागेत थाटलेली होती. जवळच्या शस्त्रक्रिया रुग्णालयातून टाकून दिलेल्या मलमपट्ट्या तो मागवून घेई आणि त्यांवरील पुवातून पांढऱ्या पेशी धुऊन काढी. त्या पेशींच्या केंद्रकांतून त्याला एक असा पदार्थ मिळाला की ज्यात फॉस्फरस भरपूर होता आणि जो प्रथिन पचवणाऱ्या रसाला दाद देत नव्हता. केंद्रकाच्या 'न्यूक्लियस' या नावावरून त्याने त्याला 'न्यूक्लीन' म्हटले. होप-झायलर यांना हा दावा इतका अनपेक्षित वाटला की त्यांनी स्वतः प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि मगच, १८७१ साली, शिष्याचा लेख छापला. पुढे बाझेलला परतल्यावर मीशरने ऱ्हाईन नदीतील सामन माशांच्या शुक्रपेशींवर काम केले. शुक्रपेशी म्हणजे जवळपास नुसते केंद्रकच, त्यामुळे माल शुद्ध मिळे.

दुसरीकडे, मीशरच्या रसायनाशी संबंध नसलेल्या वाटेने, सूक्ष्मदर्शकवाले चालले होते. कील येथील वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी निवडल्या, कारण त्या प्राण्याची केंद्रके मोठी आणि गुणसूत्रे जाड. १८८२ सालच्या ग्रंथात त्यांनी विभाजनाच्या अवस्था क्रमाने रेखाटल्या: धाग्यांचा गुंता सुटतो, धागे आखूड होतात, मध्यावर रांगेत येतात, प्रत्येक धागा लांबीत चिरला जातो आणि त्याचे दोन भाग दोन टोकांना जातात. सूत्री विभाजनाचे 'मायटोसिस' हे नाव फ्लेमिंग यांचेच. रंग शोषून घेणाऱ्या द्रव्याला त्यांनी 'क्रोमॅटिन' म्हटले आणि ते बहुधा मीशरचे न्यूक्लीनच असावे, अशी शंकाही नोंदवली. 'क्रोमोसोम', म्हणजे आपले गुणसूत्र, हा शब्द मात्र वाल्डायर यांनी १८८८ साली दिला.

फ्लेमिंग यांच्या चित्रांत एक प्रश्न दडलेला होता. धागा चिरून त्याचे दोन झाले, तर मुलीच्या वाट्याला आईच्या निम्मे द्रव्य आले. पुढल्या विभाजनात पाव, त्यापुढे दोन आणे. दहा विभाजनांनंतर हजारावा हिस्सा उरायला हवा. तसे होत नाही, म्हणजे मधल्या काळात कुठेतरी भरपाई होत असणार. ती केव्हा होते हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हते. पेशी विभागत नसते तो काळ निरीक्षकांच्या लेखी 'विश्रांती'चा होता. दिसण्यासारखे काही घडत नाही म्हणून काहीच घडत नाही, असे धरून चालण्याची ही सवय पुढे सत्तर वर्षे टिकली.

एक वेगळा हिशेब लीएज येथील एडुआर्ड व्हान बेनेडेन यांनी १८८३ साली मांडला. घोड्याच्या आतड्यातील जंताच्या फलित अंड्यात त्यांना दोन केंद्रके दिसली, एक पित्याकडचे आणि एक मातेकडचे; प्रत्येकात दोनच गुणसूत्रे, मिळून चार. मग दर पिढीला ही संख्या दुपटीने का वाढत नाही? फ्रायबुर्गचे ऑगस्ट वाइझमान यांनी १८८७ साली उत्तर दिले: बीजपेशी तयार होताना असे एक विभाजन घडलेच पाहिजे की ज्यात वारशाचे द्रव्य निम्मे होईल. वाइझमान यांचे डोळे अधू झालेले होते. सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे त्यांना अशक्य होते. ज्याला पाहता येत नव्हते त्याने केवळ तर्काने सांगितले की काय दिसायला हवे, आणि डोळस सहकाऱ्यांनी पुढच्या काही वर्षांत ते पाहिले. या अर्धसूत्री विभाजनाला 'मायोसिस'च्या घराण्यातले नाव फार्मर आणि मूर यांनी १९०५ साली दिले.

येथवर सारे गुणसूत्रांच्या मोजणीवर चालले होते. द्रव्याचे वजन कोणी केलेले नव्हते. दरम्यान न्यूक्लीक आम्लाची रसायनशास्त्रात पत उतरली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फीबस लेव्हीन यांनी त्याच्या घटकांचा उत्तम छडा लावला, पण त्यातले चार घटक सारख्या प्रमाणात, एकाच साच्यात पुन्हा पुन्हा येतात अशी समजूत त्यांच्या कामातून रूढ झाली. 'अ आ इ ई, अ आ इ ई' एवढेच लिहिता येणाऱ्या लेखणीने कादंबरी कशी लिहावी? प्रथिनांत मात्र वीसेक प्रकारचे घटक. विल्सन यांनी मत फिरवले ते या वातावरणात.

आणि तरी गंमत अशी की, विल्सन यांना खोटे ठरवणारे हत्यार त्यांच्या तिसऱ्या आवृत्तीच्या एक वर्ष आधी तयार झाले होते. १९२४ साली गीसेन येथील रॉबर्ट फॉयल्गेन आणि त्यांचे सहकारी रोसेनबेक यांनी एक रंगचाचणी प्रसिद्ध केली. पेशी कोमट, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायच्या. त्याने डीएनएतील काही घटक सुटून साखरेचे एक टोक उघडे पडते. मग रंगहीन केलेले फुक्सिन त्याला चिकटते आणि किरमिजी होऊन बसते. आरएनएवर हा रंग चढत नाही, प्रथिनावरही नाही. त्या काळी अशी समजूत होती की हे आम्ल प्राण्यांचे आणि यीस्टमध्ये सापडणारे दुसरे आम्ल वनस्पतींचे, कारण एकाचा माल वासराच्या थायमस ग्रंथीतून येई आणि दुसऱ्याचा यीस्टमधून. फॉयल्गेन यांच्या रंगाने वनस्पतींची केंद्रकेही किरमिजी झाली आणि ती भिंत कोसळली.

या रंगाचा मोठा गुण वेगळाच होता. त्याची तीव्रता डीएनएच्या प्रमाणात वाढते. म्हणजे केंद्रकातून आरपार प्रकाश सोडून किती अडला हे मोजले, की डीएनए किती हे कळू शकते. पण हे करण्याजोगी प्रकाशमापनाची साधने आणि तसे मोजावे ही दृष्टी, दोन्ही यायला अजून वीस-पंचवीस वर्षे होती. स्टॉकहोमच्या टॉर्ब्यॉर्न कास्परसन यांनी १९३० च्या दशकात रंगाशिवायचा मार्ग काढला: न्यूक्लीक आम्ले २६० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतात, म्हणून तोच प्रकाश पेशीतून सोडून मोजणी करायची. पद्धत बुद्धिमान होती, पण तीत डीएनए आणि आरएनए यांचा हिशेब एकत्र होई.

मग १९४४ साल आले. रॉकफेलर संस्थेतच ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी दाखवले की न्यूमोनियाच्या जिवाणूच्या एका जातीचा गुण दुसरीत उतरवणारे द्रव्य डीएनए आहे. त्यांच्यावर सर्वांत धारदार आक्षेप घेणारा माणूस परका नव्हता. त्याच संस्थेतला होता. आल्फ्रेड मिर्स्की यांचे म्हणणे असे की, कितीही शुद्ध केलेल्या डीएनएत अल्पसे प्रथिन उरतेच, आणि खरे काम ते उरलेले प्रथिनच करत नसेल कशावरून? आक्षेप खोडसाळ नव्हता. त्या काळच्या शुद्धीकरणाच्या मर्यादा पाहता तो घेणे योग्यच होते.

उत्तराचा एक मोठा तुकडा फ्रान्समधून आला. युद्धानंतरच्या स्ट्रासबुर्गमध्ये आंद्रे ब्वावॅं आणि त्यांच्यासोबत काम करणारे रोजे व कोलेत व्हांद्रेली हे दांपत्य यांनी एक अगदी वाण्याच्या दुकानातला प्रयोग केला. गाईगुरांच्या निरनिराळ्या अवयवांतून केंद्रके वेगळी करायची. ठराविक थेंबात किती केंद्रके आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. सगळ्यांतला मिळून डीएनए रासायनिक रीतीने मोजायचा. आणि भागाकार करायचा. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. यकृत घ्या, स्वादुपिंड घ्या, थायमस घ्या, प्रत्येक केंद्रकात डीएनए जवळजवळ तेवढाच: साधारण साडेसहा पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटी भागांतला एक भाग. आणि बैलाच्या शुक्रपेशीत? सव्वातीनच्या आसपास. बरोबर निम्मे.

या निम्म्याचे वजन नीट ध्यानात घ्यायला हवे. एखाद्या द्रव्याचे प्रमाण सर्व अवयवांत सारखे निघाले, तर त्याचे दुसरे काही कारण असू शकते. पण जेथे गुणसूत्रांची संख्या निम्मी होते नेमके तेथेच ते द्रव्यही निम्मे व्हावे, हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण होते. वाइझमान यांनी साठ वर्षांपूर्वी ज्या निम्मेपणाचे भाकीत केले होते तो आता तराजूत तोलून मिळाला होता. ब्वावॅं यांचे जिवाणूंवरील दुसरे एक काम इतरांना पुन्हा करून दाखवता आले नव्हते, त्यामुळे त्यांच्या शब्दाकडे काही जण साशंकतेने पाहत. १९४९ साली ते वारले. व्हांद्रेली दांपत्याने मोजणी पुढे चालू ठेवली. मराठीतच काय, इंग्रजीतल्या लोकप्रिय इतिहासांतही ही तीन नावे क्वचित भेटतात. एव्हरी आणि वॉटसन-क्रिक यांच्या मधली ही पायरी बहुतेक जण ओलांडून जातात.

त्याच सुमारास अमेरिकेत हाच आकडा मोजणारा माणूस कोण होता? आल्फ्रेड मिर्स्की. हान्स रिस यांच्यासह त्यांनी १९४९ साली दाखवले की एका जातीच्या प्राण्याच्या निरनिराळ्या अवयवांत केंद्रकातील डीएनए स्थिर असतो, आणि बदलते ते गुणसूत्रातील प्रथिनांचे प्रमाण. ज्या द्रव्यावर विल्सन यांनी चंचलतेचा ठपका ठेवला ते अचल निघाले, आणि ज्याला अचल मानले ते अवयवागणिक कमीजास्त होत होते. एव्हरींच्या निष्कर्षावर सर्वाधिक शंका घेणाऱ्या हातांनीच तो बळकट करणारा पुरावा तोलून दिला. मिर्स्की त्यानंतरही सावधच राहिले. मोजणी मात्र त्यांनी प्रामाणिकपणे केली.

१९५१ साली मिर्स्की आणि रिस यांनी आणखी एक विचित्र गोष्ट नोंदवली. अँफियुमा नावाच्या, ईल माशासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या पेशीत कोंबडीच्या पेशीच्या सत्तरपट डीएनए होता. कोंबडीहून तो सत्तरपट गुंतागुंतीचा प्राणी आहे असे तर कोणी म्हणणार नाही. या कोड्याला पुढे 'सी-मूल्याचा विरोधाभास' असे नाव मिळाले, आणि त्याची कथा स्वतंत्र धाग्याची आहे.

ब्वावॅं आणि मिर्स्की यांच्या पद्धतीत एक उणीव होती. लक्षावधी केंद्रकांची सरासरी काढली की एकेका केंद्रकाचे चरित्र तीत बुडून जाते. उंदराच्या यकृतातले सरासरी आकडे अपेक्षेपेक्षा जास्त येत, आणि डीएनए स्थिर असतो या सिद्धांताचे विरोधक त्यावर बोट ठेवीत. ही अडचण सोडवली ती कोलंबियातच, म्हणजे विल्सन यांच्याच विद्यापीठात, आर्थर पॉलिस्टर यांच्या हाताखाली घडलेल्या ह्यूसन स्विफ्ट या तरुणाने. फॉयल्गेनच्या किरमिजी रंगाला त्याने प्रकाशमापकाची जोड दिली. एक केंद्रक दृष्टीच्या मध्यावर आणायचे, त्यातून हिरवट प्रकाशाचा बारीक झोत सोडायचा, किती प्रकाश पलीकडे पोचला ते मोजायचे, आणि मग पुढचे केंद्रक. अशी शेकडो केंद्रके.

१९५० साली छापलेल्या त्याच्या निष्कर्षांत यकृताचे कोडे उलगडले. यकृतातली केंद्रके एका मापाची नव्हतीच. काहींत एक माप, काहींत त्याच्या दुप्पट, काहींत चौपट. गट स्वच्छ वेगळे होते. यकृताच्या अनेक पेशी विभाजन पुरे न करता गुणसूत्रांचे जादा संच बाळगून राहतात, म्हणून सरासरी फुगत होती. स्थिरतेचा नियम मोडत नव्हता. पटींत पाळला जात होता.

स्विफ्टने त्या मापाला एक अक्षर दिले: 'सी'. हे अक्षर 'क्रोमोसोम'चे असावे असे अनेकांना वाटते. ते इंग्रजीतील 'स्थिर' या अर्थाच्या 'कॉन्स्टंट'वरून घेतले होते, असा खुलासा त्याने स्वतः पुढे केला. बीजपेशीत जितका डीएनए तो १सी. देहपेशीत २सी. विभाजनाला सज्ज झालेल्या पेशीत ४सी. प्राण्यांत आणि वनस्पतींत, मक्यात सुद्धा, हाच पाढा निघाला.

आणि विल्सन यांनी पाहिलेले फिके केंद्रक? त्यांचे डोळे फसले नव्हते, अर्थ फसला होता. चिमूटभर कुंकू वाटीभर पाण्यात कालवले तर पाणी लाल होते. तेवढेच कुंकू हौदात टाकले तर दिसत नाही. म्हणून हौदात कुंकू नाही असे होत नाही. विभाजनाच्या वेळी डीएनए आखूड, घट्ट गुणसूत्रांत गोळा झालेला असतो. एरवी तो सबंध केंद्रकात पसरतो. वाढत्या अंडपेशीचे केंद्रक तर प्रचंड फुगते. पूर्वीचे निरीक्षक रंगाची दाटी पाहत होते. एकूण रंग किती, हे त्यांना मोजता येत नव्हते.

आता प्रश्न उरला तो फ्लेमिंग यांच्या चित्रांत दडलेला: २सीचे ४सी होते तरी केव्हा? अनेकांची अटकळ होती की विभाजनाच्या आरंभी, गुणसूत्रे दिसू लागतात तेव्हा. कोणी म्हणत, विभाजन संपता संपता. उत्तर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातून आले आणि त्याचे साधन घेवड्याच्या भाऊबंदांतील बाकला या शेंगभाजीची मुळे होती.

ॲल्मा हॉवर्ड ही कॅनडातून आलेली पेशीशास्त्रज्ञ आणि स्टीफन पेल्क हा भौतिकशास्त्रज्ञ. दोघे किरणोपचारावर संशोधन करणाऱ्या विभागात होते. क्ष-किरणांनी कर्कपेशी मरतात हे ठाऊक होते. पण पेशीच्या आयुष्यात त्या किरणांचा घाव नेमका कोणत्या घडीला कशावर बसतो, हे कळल्याशिवाय उपचार अंधारातला ठरे. युद्धोत्तर अणुभट्ट्यांमधून किरणोत्सारी फॉस्फरस आता संशोधकांना मिळू लागला होता. त्यांनी बाकल्याची कोवळी मुळे या फॉस्फरसच्या द्रावणात बुडवली. डीएनएच्या कण्यात फॉस्फरस असतो. तेव्हा जी पेशी त्या वेळी नवा डीएनए घडवीत असेल तिच्यातच तो कायमचा गुंफला जाणार. मग मुळे ठराविक तासांनी काढायची, आम्लाने धुऊन आरएनए व इतर फॉस्फरस घालवायचा, पेशी काचेवर पसरायच्या आणि त्यांवर छायाचित्रणाचा पातळ थर चढवून अंधारात ठेवून द्यायच्या. ज्या केंद्रकात किरणोत्सार असेल त्याने आपल्या डोक्यावर चांदीचे काळे ठिपके उमटवायचे. पेशीने काढलेले हे स्वतःचे छायाचित्र.

चित्र स्पष्ट आले. फॉस्फरस पाजल्यावर लगेच काढलेल्या मुळांत, विभागत असलेल्या पेशींवर ठिपके नव्हते. ठिपके होते ते 'विश्रांती' घेणाऱ्यांपैकी काही पेशींवर. विभागणाऱ्या पेशींवर ठिपके दिसू लागायला कित्येक तास जावे लागले. म्हणजे डीएनएची दुप्पट विभाजनात होतच नव्हती. ती आधीच्या एका ठराविक मुदतीत उरकत होती. शिवाय दुप्पट संपल्यावर विभाजन सुरू होईपर्यंत एक मोकळा काळ होता, आणि विभाजन संपल्यावर दुप्पट सुरू होण्याआधी दुसरा. १९५१ ते १९५३ या काळातील लेखांतून हॉवर्ड आणि पेल्क यांनी पेशीच्या आयुष्याचे वेळापत्रक मांडले. डीएनए घडण्याचा काळ तो 'एस', संश्लेषणाच्या 'सिंथेसिस' या शब्दावरून. आधीचा आणि नंतरचा मोकळा काळ 'जी१' आणि 'जी२'. हा 'जी' म्हणजे 'गॅप', फट. बाकल्याच्या मुळात सगळे चक्र सुमारे ३० तासांचे, त्यात 'एस'चे सहाएक तास.

आता सगळा हिशेब एका ओळीत मांडता येतो. जी१ मध्ये २सी. एसमध्ये २ ते ४ यांच्या मधला कोणताही आकडा. जी२ मध्ये ४सी, आणि पेशी दुभंगून दोन होईपर्यंत तो ४सीच राहतो. दुभंगली की प्रत्येकीत पुन्हा २सी. येथे परीक्षार्थी हमखास अडखळतात ते एका मुद्द्यावर. माणसाच्या पेशीत जी१ मध्ये गुणसूत्रे ४६ आणि जी२ मध्येही ४६च. डीएनए दुप्पट झाला तरी दोन्ही प्रती मध्यभागी एकमेकींना जोडलेल्या असल्याने गुणसूत्र एकच मोजतात. गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचे प्रमाण ही दोन वेगळी खाती आहेत. एक वाढते म्हणून दुसरे वाढेलच असे नाही.

अर्धसूत्री विभाजनात ही दोन खाती आणखी वेगळी चालतात. ज्याला निम्मे करायचे आहे ते द्रव्य पेशी आधी दुप्पट करून घेते: २सीचे ४सी. मग मध्ये भर न घालता दोन विभाजने: ४चे २, २चे १. गुणसूत्रे मात्र पहिल्याच विभाजनात ४६ वरून २३ वर येतात आणि दुसऱ्यात २३च राहतात. नर प्राण्याच्या बीजपेशी घडताना ४सी, २सी, १सी ही उतरंड स्विफ्टने प्रत्यक्ष मोजून दाखवली होती.

हॉवर्ड आणि पेल्क यांचा दुसरा महत्त्वाचा लेख निघाला ते १९५३ हेच वॉटसन आणि क्रिक यांच्या दुहेरी सर्पिलाचेही वर्ष. केम्ब्रिजच्या त्या रचनेने दुप्पट कशी होत असावी याची कल्पना दिली: दोन धागे सुटतात आणि प्रत्येकावर नवा जोडीदार बसतो. कल्पनेची गुणसूत्रांवरची परीक्षा पुन्हा बाकल्याच्याच मुळांत झाली. १९५७ साली हर्बर्ट टेलर, फिलिप वुड्स आणि वॉल्टर ह्यूज यांनी किरणोत्सारी हायड्रोजन असलेले थायमिडीन वापरले. हे द्रव्य डीएनएतच जाते, आरएनएत नाही. त्याच्या जोडीला त्यांनी कोल्चिसीन दिले, जेणेकरून गुणसूत्रांच्या प्रती वेगळ्या होतील पण पेशी दुभंगणार नाही. (कोल्चिसीन आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही असते, तिच्या विषाचा धाक गावोगावी आहे तो त्याचाच.) चिन्हांकित द्रव्य काढून घेतल्यावरच्या पहिल्या विभाजनात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही प्रतींवर ठिपके दिसले, त्यापुढच्यात दोहोंपैकी एकीवरच. जुने आणि नवे निम्मेनिम्मे वाटले जात होते. पुढच्याच वर्षी मेसेल्सन आणि स्टाल यांनी जिवाणूंच्या डीएनएवर हेच अधिक काटेकोरपणे सिद्ध केले, आणि पाठ्यपुस्तकांत मान त्यांना मिळाला.

एक गोष्ट तरी उरलीच. पेशीला कळते कसे की दुप्पट झाली, आता पुन्हा नको? यावरचा एक देखणा प्रयोग १९७० साली भारतीय वंशाचे पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी अमेरिकेत केला. त्यांच्या पेशी होत्या 'हेला', म्हणजे १९५१ साली बॉल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतून तिला न विचारता घेतलेल्या आणि तेव्हापासून जगभर वाढवल्या जाणाऱ्या. राव आणि जॉन्सन यांनी निष्क्रिय केलेल्या विषाणूच्या साहाय्याने दोन पेशींची आवरणे जुळवून एकीत दोन केंद्रके नांदवली. जी१ मधल्या केंद्रकाला एसमधल्याचा शेजार मिळाला, तर ते मुदतीआधीच डीएनए घडवू लागले. पण जी२ मधल्या केंद्रकाने, ज्याची दुप्पट होऊन गेली होती त्याने, त्याच शेजाराकडे साफ दुर्लक्ष केले. म्हणजे 'सुरू कर' असा निरोप पेशीद्रवात फिरत होता, आणि 'माझे झाले' ही नोंद केंद्रकाने स्वतःपाशी ठेवली होती.

विभागत असलेल्या पेशीशी जुळवणी केली तेव्हा अधिकच नवल घडले. शेजारच्या केंद्रकाला, ते कोणत्याही अवस्थेत असो, अवेळी गुणसूत्रे आखडून घ्यावी लागली. जी१ वाले एकेरी, बारीक धाग्यांत उतरले. जी२ वाले दुहेरी. आणि एसमध्ये पकडलेल्याच्या चिंध्या दिसल्या, कारण त्याचे काम अर्धवट होते. २सी, ४सी आणि त्यांच्या मधले, स्विफ्टने सुई हलताना वाचलेले आकडे येथे डोळ्यांना आकार म्हणून दिसले. 'फट' म्हणून नाव पडलेल्या काळांत पेशीचे सर्वांत मोठे निर्णय होतात हे पुढे लेलंड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांच्या कामातून उलगडले. २००१ सालचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. नाव मात्र 'फट'च राहिले.

स्विफ्टला एकेक केंद्रक हाताने मध्यावर आणावे लागे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत वोल्फगांग गोएडे यांनी आणि अमेरिकेत लॉस अलामोस येथील गटाने पेशींना चमकणारा रंग देऊन त्यांची एकेरी धार प्रकाशझोतासमोरून वाहती ठेवली. मिनिटाभरात हजारो पेशींचा डीएनए मोजून होऊ लागला. हे यंत्र आज मोठ्या कर्करोग रुग्णालयांत असते. त्यातून निघणाऱ्या आलेखात डावीकडे एक उंच शिखर असते, २सीचे. त्याच्या बरोबर दुप्पट अंतरावर दुसरे, ठेंगणे, ४सीचे. आणि दोहोंमध्ये एक उथळ खोलगट, जेथे डीएनए घडवीत असलेल्या पेशी असतात. अनेक गाठींत पहिले शिखर आपली जागा सोडून उजवीकडे सरकलेले असते, तीनाच्या आसपास किंवा आणखी कुठे, जेथे निरोगी पेशींचे शिखर कधी नसते. खोलगट जितका भरलेला तितक्या अधिक पेशी त्या क्षणी दुप्पट होण्याच्या वाटेवर. त्या खोलगटावरच घाव घालणारी औषधे वेगळी असतात आणि त्यापुढे, विभाजनाच्या दारात पेशीला अडवणारी वेगळी.